कागदावर उतरलेला आलेख

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी इतिहास-भूगोल शिकवणारा बी.ए., बी.एड. शिक्षक. संगणकाचे शास्त्र मी कोठे शिकलेलो नाही. त्यामुळे माझा विषय ऐकून आपणांस थोडे नवल वाटेल. पॉवरपॉइंटसारख्या प्रेझेंटेशनच्या साधनात काढलेला आलेख कागदावर स्वच्छ कसा छापावा, हा तो विषय होय. मुलांच्या शिक्षणाचे एवढे मोठमोठे प्रश्न समोर असताना छपाईसारखी बारीक गोष्ट घेऊन मी का उभा राहिलो, हे प्रथम सांगतो.

आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीने भूगोलाच्या प्रकल्पासाठी विषय घेतला होता, महाराष्ट्रातील स्त्री-पुरुष साक्षरता. जनगणनेचे आकडे तिने स्वतः शोधून काढले. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता ८५.९७ टक्के आणि स्त्रियांची ६७.०३ टक्के होती. २०११ च्या जनगणनेत पुरुषांची ८८.३८ आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के झाली. म्हणजे दोहोंमधील अंतर जवळजवळ १९ टक्क्यांवरून साडेबारावर आले. या आकड्यांचा जोडस्तंभालेख तिने शाळेच्या संगणक कक्षात बसून काढला. पुरुषांचे स्तंभ निळे, स्त्रियांचे नारिंगी. पडद्यावर तो इतका सुरेख दिसत होता की मी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प आंतरशालेय स्पर्धेसाठी द्यावयाचा होता. शाळेत रंगीत प्रिंटर नव्हता. मी तिला म्हणालो, "पडद्याचा फोटो घे, दुकानात व्हॉट्सॲपवर पाठव आणि काळी-पांढरी प्रत काढून घे. रंगीत प्रतीला उगाच पैसे कशाला घालवतेस?" तिचे वडील रिक्षा चालवतात. म्हणून पैशाचा विचार माझ्या मनात आला.

रात्री नऊच्या सुमारास तेच प्रत घेऊन माझ्या घरी आले. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "सर, यातली पोरींची दांडी कुठली आणि पोरांची कुठली?"

मी कागद दिव्याखाली धरला. दोन्ही स्तंभ एकाच राखाडी रंगाचे उमटले होते. कोणता रंग कोणाचा हे सांगणारे खालचे दोन चौकोनही तसेच. अक्षरे ओल्या कागदावर शाई पसरावी तशी दिसत होती. जो फरक दाखवण्यासाठी त्या मुलीने आठ दिवस मेहनत घेतली, तो फरकच कागदावरून नाहीसा झाला होता. दुकान बंद झाले होते आणि सकाळी प्रकल्प द्यावयाचा होता. तसाच दिला. स्पर्धेत परीक्षक तक्ते पाहत फिरतात, तेव्हा समजावून सांगण्यास मूल तेथे नसते. कागदालाच बोलावे लागते. त्यांनी शेरा लिहिला, "आलेखाचा अर्थबोध होत नाही." त्यांचे काही चुकले नाही. मुलीचेही चुकले नव्हते. सल्ला माझा होता.

मित्रहो, माझे नेमके कोठे चुकले हे शोधण्यासाठी नंतर मी बऱ्याच प्रती काढून पाहिल्या, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी पहिली चूक म्हणजे आलेखाचा फोटो काढावयास सांगणे. पॉवरपॉइंटमध्ये आपण आलेख काढतो तेव्हा संगणक त्याचे चित्र साठवत नाही. स्तंभ किती उंच, रेषा कोठून कोठे, अक्षरे कोणत्या वळणाची, एवढ्या सूचना तो जपून ठेवतो. शिंप्याला माप दिले, तर त्या मापाच्या पटीत तो लहानमोठा कोणताही सदरा शिवून देतो. सूचनांचेही तसेच आहे. त्यांच्यावरून आलेख कितीही मोठा छापला, तरी कडा धारदारच राहतात. फोटो म्हणजे शिवून तयार झालेला सदरा. तो ओढून मोठा करू लागलात तर उसवणारच.

याचा हिशेब अगदी साधा आहे. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आमच्या संगणकाच्या पडद्यावर आडवे १३६६ ठिपके. त्यांतील निम्म्या जागेत आलेख होता, म्हणजे फोटोत आडवे सुमारे ७०० ठिपके आले. ए-४ कागद आडवा धरला तर छपाईला साधारण ११ इंच रुंदी मिळते. ७०० ठिपके ११ इंचांवर पसरले म्हणजे इंचाला ६४ ठिपके झाले. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरण्याची रीत आहे. आम्ही पाचवा हिस्साच पाठवला होता! त्यात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेतच दाबून आणखी हलके केले जाते. अक्षरे पसरली यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, पडद्याचा फोटो नको, पॉवरपॉइंटमधूनच स्लाइडचे चित्र करून घेऊ. त्यातही गोम आहे. विंडोजवरील पॉवरपॉइंट आपण होऊन इंचाला ९६ ठिपके या हिशेबाने चित्र बनवते. रुंद स्लाइडचे ते चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचे होते. पडद्याला ते पुरते, कागदाला अपुरे पडते.

यावर उपाय म्हणजे पीडीएफ. पॉवरपॉइंटमध्ये फाइल पीडीएफ म्हणून साठवताना दोन पर्याय विचारले जातात, 'स्टँडर्ड' आणि 'मिनिमम साइझ'. छपाईसाठी नेहमी स्टँडर्ड घ्यावा. लिब्रेऑफिस इम्प्रेस हे साधन फुकट मिळते, त्यातही पीडीएफ करण्याची सोय आहे. ज्या घरात संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, तेथे गूगल स्लाइड्समधूनही पीडीएफ करता येते. ही पीडीएफ व्हॉट्सॲपने पाठवावयाची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते.

पीडीएफचा दुसरा फायदा आपल्या मराठी मजकुराला होतो. उर्दू मजकूर असेल तर त्यालाही होतो. शाळेच्या संगणकातील अक्षरवळण दुकानाच्या संगणकात असेलच असे नाही. नसले तर जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कधी नुसते चौकोन उमटतात. पीडीएफमध्ये अक्षरवळण सहसा फाइलबरोबरच जाते. आपण लिहिले तेच छापून येते.

विद्यार्थी मित्रहो, एक सोपी परीक्षा ध्यानात ठेवा. पीडीएफ उघडून चौपट, म्हणजे ४०० टक्के मोठी करून पाहा. अक्षरांच्या कडा सरळ राहिल्या तर समजा की आलेख आलेखाच्या रूपात आहे. कडांना पायऱ्या दिसू लागल्या तर तो कोठेतरी चित्र होऊन बसला आहे. मग दुकानात पैसे देण्याआधी परत मूळ फाइलकडे जा.

आता माझी दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी होती, कारण अक्षरे स्वच्छ आली असती तरी वडिलांचा प्रश्न तसाच राहिला असता. ती चूक रंगांची.

आमच्या शाळेत पॉवरपॉइंटची २०१३ ची आवृत्ती होती. तिच्यात आलेख काढला की पहिले तीन रंग आपोआप येतात, निळा, नारिंगी आणि करडा. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग जातो आणि उरतो तो फक्त त्याचा गडदपणा. तो मोजण्याची एक रूढ रीत आहे. रंगातील तांबड्याचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करावयाची. उत्तर ० आले तर पूर्ण काळा, २५५ आले तर पूर्ण पांढरा. या रीतीने त्या निळ्याचे उत्तर येते सुमारे १४२, नारिंगीचे १५० आणि करड्याचे १६५. पडद्यावर निळा आणि नारिंगी हे दिवस-रात्रीइतके वेगळे. कागदावर मात्र २५५ पैकी अवघ्या ८ चा फरक! तो डोळ्याला काय दिसणार? प्रिंटरप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गोष्ट तीच राहील. त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढली की उरलासुरला फरकही जातो.

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह मला आवरत नाही. स्तंभालेख छापणाऱ्या पहिल्या लोकांत विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाचे नाव घेतले जाते. त्याचे व्यापारविषयक आलेखांचे पुस्तक १७८६ मध्ये लंडनला निघाले. त्यातील एका आलेखात स्कॉटलंडचा १७ देशांशी १७८१ सालापर्यंतच्या एका वर्षात झालेला व्यापार दाखवला आहे. प्रत्येक देशापुढे दोन स्तंभ, एक निर्यातीचा आणि एक आयातीचा. आमच्या विद्यार्थिनीपुढे जो प्रश्न होता तोच त्याच्यापुढे होता. त्याने काय केले? निर्यातीचे स्तंभ भरीव काळे ठेवले आणि आयातीच्या स्तंभांत बारीक रेघा ओढल्या. सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. आजही त्या आलेखाची कितीही झेरॉक्स काढा, निर्यात कोणती आणि आयात कोणती हे लहान मूलही सांगेल.

आणखी एक गंमत पाहा. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये अमेरिकेत प्रथम निघाले, ते मॅकिंटॉश संगणकासाठी. त्या पहिल्या आवृत्तीत रंगच नव्हते. भिंतीवर दाखवावयाच्या पारदर्शिका आणि कागद छापण्यासाठी लोक तिचा उपयोग करीत. रंगांची रेलचेल नंतर आली. म्हणजे ज्या साधनाचा जन्मच काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी झाला, त्यातला आलेख आज आपल्याला काळा-पांढरा छापता येत नाही! दोष साधनाचा नाही. पडद्यावर काम करता करता कागदाची आठवण आपणच विसरलो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आलेख काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हा आलेख शेवटी कोण आणि कशावर पाहणार? उत्तर 'कागदावर' असेल तर पुढील गोष्टी कराव्या.

स्लाइडचा आकार कामाला लागण्यापूर्वीच कागदाएवढा करून घ्यावा. पॉवरपॉइंटच्या यादीत 'ए-४' असा आयता पर्याय दिसतो, पण त्याने स्लाइड २७.५२ बाय १९.०५ सेंटिमीटरची होते. खऱ्या ए-४ कागदाचे माप २९.७ बाय २१ सेंटिमीटर आहे. ते आकडे आपल्या हातांनी भरावे. मात्र प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, म्हणून मजकूर सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर आत ठेवावा.

स्तंभ वेगळे ओळखू येण्यासाठी केवळ रंगावर विसंबू नये. एक स्तंभ गडद, दुसरा अगदी फिका आणि त्याला काळी किनार, ही जोडी सर्वांत भरवशाची. तीन-चार प्रकार दाखवावयाचे असतील तर स्तंभात रेघांची नक्षी भरावी. पॉवरपॉइंटमध्ये त्याला 'पॅटर्न फिल' म्हणतात. नक्षी ठळक घ्यावी, फार बारीक नक्षी झेरॉक्समध्ये भरून जाते. आणि शक्य तेथे 'स्त्रिया', 'पुरुष' ही नावे व आकडे स्तंभांवरच लिहावे, म्हणजे खालच्या चौकोनाशी रंग जुळवत बसण्याचे कारण राहत नाही.

अक्षरे पूर्ण काळी करावी. हे साधन आपण होऊन आलेखातील अक्षरे करडी आणि मागील आडव्या रेषा अगदी फिकट देते. काळ्या प्रिंटरजवळ करडी शाई नसते. काळ्या ठिपक्यांमध्ये मोकळी जागा सोडून तो करड्याचा भास निर्माण करतो. मोठ्या जागेत ते चालते, पण अक्षराच्या बारीक काडीत चार ठिपके मावतात न मावतात, आणि काडी तुटक दिसते. रेषांची जाडीही निदान एक पॉइंट असावी. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे पडद्यावर शोभतात, कागदावर ती शाई खातात आणि हाताला काळे लावतात. कागदासाठी पार्श्वभूमी पांढरीच बरी. सावल्या, चकाकी आणि त्रिमितीचा देखावा काढून टाकावा. त्रिमितीतल्या वृत्तालेखात पुढची फाक खऱ्यापेक्षा मोठी भासते. ते केवळ छपाईचे वैगुण्य नाही, वाचणाऱ्याची ती फसवणूक होते.

एका कागदावर सहा स्लाइड छापण्याची काटकसर आपण पुष्कळदा करतो. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते. सहांत ती साधारण तीन इंचांवर येते, म्हणजे पाव हिश्शाहून लहान. स्लाइडवरील १८ पॉइंटचे अक्षर कागदावर चार पॉइंटचे होते. पुस्तकातील अक्षर १० ते १२ पॉइंटचे असते, यावरून काय ते समजा. घरातील वडीलधाऱ्या माणसांना ते चष्मा लावूनही वाचता येणार नाही. आलेखाच्या स्लाइडला एक अख्खा कागद द्यावा, नाही तर अर्धा तरी द्यावा.

छापण्याच्या वेळी प्रिंटच्या पानावर 'ग्रेस्केल' निवडून कागदावर काय येणार ते पडद्यावरच पाहून घ्यावे. हे मी त्या दिवशी केले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. तेथेच 'हाय क्वालिटी' अशी खूण आहे, ती करावी. प्रिंटरमध्ये शाई वाचवण्याची सोय चालू असेल तर दुकानदाराला तेवढ्या एका प्रतीपुरती ती बंद करण्यास नम्रपणे सांगावे. आणि पाच प्रती हव्या असतील तर आधी एकच काढून हातभर अंतरावरून वाचून पाहावी, मग बाकीच्या.

आता पालकांसाठी दोन शब्द. यांतील बहुतेक गोष्टींना जादा पैसा लागत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. मी गरिबीकडे पाहून काळी-पांढरी प्रत घेण्याचा सल्ला दिला होता, तो सल्ला वाईट नव्हता. काळ्या-पांढऱ्या प्रतीसाठी आलेख तयार करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते, एवढेच. ज्ञान अपुरे पडले की गरिबाचा रुपया दोनदा खर्च होतो, आणि मुलाची मेहनत वाया जाते ती वेगळीच. आपण संगणक शिकलेले नसाल. पण मुलाने काढलेला आलेख हातात घेऊन "बाळ, यात काय म्हटले आहे ते मला कळत नाही" एवढे आपण नक्कीच म्हणू शकता. तसे म्हणण्यात कमीपणा मानू नका. माझ्या चुकीवर सर्वांत आधी बोट ठेवले ते एका रिक्षावाल्या बापाने. तेही बोट ठेवण्यासाठी नव्हे, कळावे म्हणून विचारले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पुढे महाविद्यालयात जाल, नोकरीत अहवाल लिहाल, कोणी आपल्या मोहल्ल्याच्या पाण्याचे किंवा शाळेचे प्रश्न घेऊन कचेरीत जाल. तेथे तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स झालेली असेल. तुमचे म्हणणे शेवटच्या प्रतीत टिकले पाहिजे. आकडे खरे असून भागत नाही, ते दिसलेही पाहिजेत.

शेवटी त्या मुलीविषयी सांगून थांबतो. स्पर्धा तर होऊन गेली होती. तरीही मी तिला तोच आलेख पुन्हा काढावयास सांगितले. या खेपेस स्त्रियांचे स्तंभ भरीव काळे, पुरुषांचे पांढरे व काळ्या किनारीचे, वर आकडे, शेजारी नावे. पीडीएफ करून त्याच प्रकारच्या साध्या काळ्या प्रिंटरवर प्रत काढली आणि वर्गाच्या भिंतीवर लावली. पालकसभेच्या दिवशी तिचे वडील आले. भिंतीजवळ जाऊन त्यांनी बराच वेळ पाहिले. कोणाला काही विचारले नाही. काळ्या स्तंभाच्या टोकावरून पांढऱ्या स्तंभाच्या टोकापर्यंत बोट फिरवले आणि मुलीला म्हणाले, "म्हणजे अजून साडेबारा बाकी होते."

आलेख छापून व्हावयाचे असते ते याचसाठी.